आडवा धागा

पहाटेचे चार. सिव्हिलचा आयसीयू, सात नंबरचा पलंग.
प्रोब थंड, जेल त्याहून थंड.
बाहेर एप्रिल, भिंतींतली धग अजून उतरलेली नाही,
आणि यल्लप्पा बोद्दूल यांच्या छातीवर मी हा गारवा टेकवते
मनातल्या मनात माफी मागून.
ते शुद्धीत नाहीत. तरी मागते.

छातीचे भाग बारा. सहा उजवे, सहा डावे.
प्रत्येकाला शून्य ते तीन.
शून्य म्हणजे पडद्यावर आडव्या रेषा,
एकीखाली एक, शहाण्या मुलींसारख्या:
हवा आहे.
मग वरून उभ्या रेषा सुटतात,
आधी तुरळक, मग एकमेकींत मिसळून
आडव्यांना पुसत जातात:
पाणी चढतंय.
आणि तीन म्हणजे रेषाच नाहीत.
फुफ्फुस यकृतासारखं दिसतं,
घट्ट, मुकं.

बेरीज सत्तावीस. छत्तीसपैकी.

ड्युटीरूमच्या भिंतीवर तक्ता चिकटवलाय.
इतके गुण, तर इतक्यांचं बरं, इतक्यांचं नाही.
सत्तावीसच्या रांगेवर बोट ठेवलं
की नर्ससुद्धा हळू बोलते.

दाराशी त्यांचा अंबादास.
पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर आहे,
रात्रपाळीतून तसाच आलेला, भुवयांत सुताचा भुगा.
"किती पडले ओ मॅडम?"
दहावीचा निकाल विचारावा तसं.
सांगितलं. हेही सांगितलं की इथं जास्त पडलेले वाईट.
तो पडद्याकडे बघत राहिला बराच वेळ.
"सगळा ताणाच दिसतोय की. बाणा कुठाय?"

मला उत्तर सुचलं नाही.

"बाणा तुटला की माग थांबवतो आम्ही.
धोटा रिकामा पळाला तर कापड होत नाही,
आवाज तेवढा होतो."

आमच्यामागे व्हेंटिलेटर चालू होता.

नरसम्मा जिन्यात बसलेली असते.
समोर ना पान ना तंबाखू, तरी बोटं विडी वळत राहतात.
ती गुण विचारत नाही.
"ऊपिरि उंदा?"
माझं तेलुगू तपासणीपुरतं:
नोप्पी, दग्गु, ऊपिरि. दुखणं, खोकला, श्वास.
"उंदि," म्हणाले. आहे.
खोटं नव्हतं ते. पण कुणाचा, यंत्राचा की त्यांचा,
हे तिनं विचारलं नाही, याचं मला बरं वाटलं,
आणि बरं वाटल्याची लाज.

नऊ नंबरला मोहोळची एक शिक्षिका होती. गुण अकरा.
तिच्याबाबत आम्ही निर्धास्त.
मी तिच्या नवऱ्याला घरी जाऊन जेवून या म्हटलं होतं.
तिसऱ्या रात्री तिचं हृदय थांबलं.
मी फुफ्फुसच पाहत होते.
तो डबा घेऊन परतला तेव्हा
पलंगावर नवी चादर घालून झाली होती.
तक्ता म्हणे चुकलेला नव्हता.
अकराच्या रांगेतही काही जण जातात, छापलंय तिथं,
बारीक टाइपात.

त्यानंतर मी आकडा सांगते तेव्हा
पुढचं वाक्य काय बोलावं हे मला येत नाही.

सत्तावीस. सत्तावीस. अठ्ठावीस.
सव्वीस.

सहाव्या पहाटे, उजवीकडे, पुढचा वरचा भाग,
उभ्या रेषांच्या गर्दीत काहीतरी पुसट.
प्रोब हलवला. गेलं.
परत जागेवर आणला. आलं.
अंबादासला आत बोलावलं. नियमात बसत नाही ते.
त्यानं काचेला न लावता बोट धरलं त्या रेषेखाली.
"हा?"
"हो."
"एकच आहे."
"एकच."
"एका धाग्याला कापड म्हणत नाहीत, मॅडम."
"नाही म्हणत."
पण तो हलला नाही तिथून.
वाकून बघत राहिला,
मागावर वाकून फॉल्ट शोधतात तसा.

मी वहीत चोवीस लिहिले.
गॉज संपला होता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल पुढे केला,
त्यांच्याच मागावरचा, काठ उसवलेला.
मी घाईघाईनं जेल पुसू लागले.
"नीट पुसा की," तो म्हणाला,
"त्यांना गार सोसत नाही."